शकुंतलेच्या बाजूबाजूनं

[दृश्य: पहाट. मूर्तिजापूर स्टेशनबाहेरची चहाची टपरी. खांबाला टेकवलेल्या दोन सायकली. मागून मालगाडीचा आवाज.]

मूर्तिजापूर. मुंबई-नागपूर लाइनवरचं स्टेशन. मोठी गाडी इथं मिनिट-दोन मिनिटं थांबते आणि निघून जाते. पण इथून आणखी दोन फाटे फुटतात. एक दक्षिणेला, कारंजा-दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा उत्तरेला, दर्यापूर-अंजनगाव करत अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. दोन्ही अडीच फुटी नॅरोगेज. ही आपली शकुंतला. आता दोन्हीकडे गाडी नाही.

आम्ही उत्तरेला निघालोय. मी आणि माझा मावसभाऊ. सायकली मध्यम किमतीच्या, पुढच्या चाकाला सस्पेन्शन, टायर दोन इंचाहून थोडे रुंद. सोबत चार ट्यूब, पंक्चरचं सोल्युशन आणि पाणी. पाणी भरपूर घ्या. इथून पुढं खारपाणपट्टा लागतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या शेकडो गावांत जमिनीखालचं पाणीच खारट. विहीर दिसली म्हणून तहान भागेल असं नाही.

[दृश्य: गवतात बुडालेले रूळ. कॅमेरा रुळाच्या पातळीवर.]

हे रूळ टाकले कापसासाठी. टाकले किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला, तिथून बोटीनं विलायतेला. इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. म्हणजे कापूस ज्या गिरण्यांच्या गावी जायचा, तिथूनच तो ओढून नेणारं इंजिन आलं. सत्तर वर्षं ते राबलं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढलं आणि डिझेल इंजिन जोडलं.

चालत्या गाडीतून उतरून, शेतातला हरभरा उपटून, परत त्याच डब्यात चढता यायचं, असं इथं प्रत्येक जण सांगतो. देशातल्या प्रत्येक नॅरोगेजबद्दल हेच सांगतात. तरी ऐकायला बरं वाटतं.

[दृश्य: रुळाचा भराव, बाजूला पांदण. सायकलींची चाकं चिखलानं माखलेली.]

आता सायकलवाल्याच्या नजरेनं हा भराव बघा. लोखंडी रुळावर लोखंडी चाक. चढ जास्त झाला की ते घसरतं. म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांनी खोलगटात भर घातली, उंचवटा कापला, आणि वाट अशी बसवली की चढ पायाला कळतसुद्धा नाही. वर खडी, दोन्ही बाजूंना उतार. पाऊस पडला की पाणी निथळून जातं. रुळालगत गँगमनची पायवाट, एका माणसापुरती. डोंगरात सायकल चालवणारे ज्याला सिंगल ट्रॅक म्हणतात आणि जो शोधत हिंडतात, तो इथं शंभर वर्षांपासून तयार आहे.

आणि आम्ही त्याच्या खाली, चिखलात.

कारण जमीन अजून रेल्वेची आहे. परवानगीशिवाय तिच्यावर पाय ठेवणं हा कायद्यानं गुन्हा, मग गाडी असो की नसो. म्हणून आम्ही शेताशेतांतल्या पांदण रस्त्यांनी चाललोय, फाटक लागलं की तेवढे रूळ ओलांडतोय. परवा अवकाळी पाऊस झाला. काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, मातीला माती चिकटते, आणि अर्ध्या फर्लांगात चाक फोर्कमध्ये अडकून बंद पडतं. मग काडीनं खरवडा. पुन्हा चार पावलं. हीच माती एप्रिलमध्ये फाटते आणि पुढचं चाक भेगेत जातं. दिवाळी ते शिवरात्र, तेवढेच महिने सायकलीचे. त्यातही अवकाळी टाळून.

मातीतून सुटलो की सराटे. बंधाऱ्यावर, धुऱ्यावर, कुठंही. त्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर असतंच. लाखपुरीपर्यंत दोन पंक्चर झाले. भावानं टायरमधून नखानं काटे काढले, एकोणीस मोजले आणि म्हणाला, "दादा, हे काट्याचंच पीक हाय बापा. याले भाव असता तं आपण मोठे झालो असतो."

[दृश्य: पूर्णा नदीवरचा रस्त्याचा पूल. कपाशी वेचणाऱ्या बाया ओट्यात कापूस घेऊन चालल्यात.]

दर्यापूरला मुक्काम. दिवसभरात निम्मं अंतरही झालं नाही. डांबरी रस्त्यानं हेच दोन-अडीच तासांचं काम.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओटॅगो सेंट्रल नावाची अशीच एक लाइन होती. १९९० साली ती बंद पडली. रूळ उपटले, पूल आणि बोगदे ठेवले, आणि २००० साली तिथं १५२ किलोमीटरचा सायकलमार्ग उघडला. वाटेतल्या ओस पडत चाललेल्या गावांत खोल्या भाड्यानं जाऊ लागल्या, खानावळी निघाल्या. रात्री मी हे भावाला सांगत होतो. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथल्या लोकायले गाडी नको होती काय?"

मी गप्प बसलो. इथं गाडी सगळ्यांना हवी आहे. शकुंतला मोठ्या रुळावर आणा, ही मागणी या पट्ट्यातल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते.

[दृश्य: अंजनगावजवळचे पानमळे. हिरवी सावली. उत्तरेला निळसर सातपुडा.]

अंजनगावच्या अलीकडे जमीन बदलते. पाणी गोडं होतं. पानमळे लागतात, पानपिंपळीच्या वेली लागतात, पुढं संत्र्याच्या बागा. याच तालुक्यातलं शेंडगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव. आणि समोर, उत्तरेला, आडवा पसरलेला सातपुडा. परतवाड्याहून घाट चढला की चिखलदरा, हजार मीटरच्या वर. आमच्या भागात डोंगरातली सायकल म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. पण मेळघाट वाघाचं रान आहे, १९७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प. तिथल्या जंगलवाटांवर मनात आलं म्हणून सायकल घालता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. वर डांबर, खाली चिखल. आणि मधला कोरडा, सपाट रस्ता गवताखाली.

[दृश्य: पथ्रोट. दुपार. फाटकाजवळ बाभळीखाली बसलेला म्हातारा. कॅमेरा थोडा हलतो.]

पथ्रोटला तिसरं पंक्चर. मी ट्यूब काढत होतो, भाऊ कॅमेरा लावून रूळ टिपत होता. झाडाखाली बसलेले बाबाजी उठून आले. कॅमेऱ्याची तिपायी बघितली, आमचे चिखलाचे पाय बघितले.

"सर्व्हेवाले हाय का तुमी?"

"नाही बाबाजी, सायकलीवर फिराले आलो."

"फिराले? इथं?" ते रुळाकडं बघत राहिले. "मंग फोटू काहून काढून राह्यले रुळाचे?"

भावानं सांगायचा प्रयत्न केला. व्हिडिओ, निवेदन, सायकल. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नसावं. ट्यूबमध्ये हवा भरून होईपर्यंत तिथंच उभे होते. आम्ही निघालो तशी त्यांनी माझं हँडल धरलं.

"लिहून घ्या बापा. पथ्रोटले थांबा पाह्यजे. नायतं जोरात जाणारी गाडी देसान, अन् आमी पाहातच राहू."

भावानं खिशातली वही काढली. पंक्चरचा हिशेब होता त्या पानावर, एकोणीस सराट्यांच्या खाली, त्यानं तसंच लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं.