आचेचा करार: ८४० हत्यारं आणि साडेतीन महिने

श्रोतेहो, नमस्कार.

युद्ध थांबवणारा करार म्हटलं की आपल्याला सह्या आणि हस्तांदोलनं आठवतात. आज मात्र अशाच एका कराराची कलमं उघडून पाहू या, कारण शांतता टिकणार की फिसकटणार हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाचं उत्तर टोक म्हणजे आचे प्रांत. स्वतंत्र आचेसाठी १९७६ पासून ‘गाम’ ही संघटना सरकारशी लढत होती. १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत करार झाला आणि ते युद्ध पुन्हा पेटलं नाही. मध्यस्थ होते फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारी.

‘सुनामीनं शांतता आणली’ असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धसत्य आहे. २६ डिसेंबर २००४ ला लाट आली, त्याच्या आधीच बोलणी सुरू करण्याच्या हालचाली चालू होत्या. शिवाय तीच लाट श्रीलंकेवरही आदळली, आणि तिथलं युद्ध उलट भडकलं.

आचेत डिसेंबर २००२ मध्येही एक करार झाला होता. त्यात आधी गोळीबार थांबवायचा आणि स्वातंत्र्य की स्वायत्तता हा मूळ वाद नंतर बघायचा, असं ठरलं. तक्रारी तपासणाऱ्या पथकांत खुद्द सरकारची आणि गामची माणसं बसली होती. मे २००३ मध्ये तिथे लष्करी कायदा लागू झाला आणि तो करार संपला. मूळ वाद लोंबकळत असताना कुणी हत्यार खाली ठेवत नाही. उद्या लागेल म्हणून प्रत्येक जण ते जपून ठेवतो.

हेलसिंकीत क्रमच उलटा केला. आहतिसारींची अट होती: सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नाही. पाच फेऱ्या झाल्या. गामनं स्वातंत्र्याची मागणी सोडली. सरकारनं आचेला स्वशासन, तिथल्या तेल-वायूसह नैसर्गिक संपत्तीच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा आणि स्थानिक पक्ष काढण्याची मुभा दिली. ही शेवटची गोष्ट सर्वांत जड गेली, कारण इंडोनेशियाच्या कायद्यात फक्त एका प्रांतापुरत्या पक्षाला जागाच नव्हती.

आता हत्यारांचं कलम पाहा. गामनं ८४० हत्यारं द्यायची. सुरुवात १५ सप्टेंबर, शेवट ३१ डिसेंबर, टप्पे चार. त्याच चार टप्प्यांत बाहेरून आणलेलं सैन्य आणि पोलीस माघारी न्यायचे. मागे राहणार जास्तीत जास्त १४,७०० सैनिक आणि ९,१०० पोलीस. प्लाटूनपेक्षा, म्हणजे साधारण तीसेक सैनिकांपेक्षा, मोठी तुकडी हलवायची तर करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय निरीक्षण मोहिमेच्या प्रमुखाला आधी कळवायचं. हे शेवटचं वाक्य दिसायला किरकोळ आहे, पण लाखमोलाचं आहे. रात्री ट्रक दिसले की गावात अफवा उठते आणि अफवेतून गोळी सुटते. आधी कळवलेलं असलं की निरीक्षक गावकऱ्यांना सांगू शकतो, हे ट्रक कुठे चाललेत.

निरीक्षक होते युरोपीय संघाचे आणि ‘आसियान’ या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेतल्या पाच देशांचे, सगळे निःशस्त्र. पूर्ण मोहीम सुरू व्हायला महिना लागणार होता. सह्या झाल्यानंतरचा तो महिना फार नाजूक असतो, म्हणून निरीक्षकांची एक लहान तुकडी सह्यांच्या दिवसापासूनच आचेत होती.

हत्यारं जमा होताना प्रत्येक नग तपासला जाई. कित्येक घरगुती बनावटीची होती, काहींतून गोळीच सुटली नसती. निकषात न बसणारी बाद झाली. जी घेतली ती लोकांसमोर करवतीनं कापली. कापलेली नळी लोकांनी डोळ्यांनी पाहिली म्हणजे ‘ती परत जंगलात गेली’ म्हणायला जागा उरत नाही. एखाद्या हत्यारावर वाद झाला तर? कराराप्रमाणे निर्णय मोहिमेच्या प्रमुखाचा. त्यानंही मिटलं नाही तर वाद वर जाई आणि शेवटचा शब्द आहतिसारींचा. सरकार आणि गाम दोघांनाही बांधणारा निर्णय कोण देणार, हे भांडण होण्याआधीच लिहून ठेवलं होतं.

चुकलं तेही सांगायला हवं. करारात गामचे लढवय्ये ३,००० लिहिले, प्रत्यक्षात ते कितीतरी जास्त होते. पुनर्वसनाचे पैसे ३,००० च्या हिशेबानं आले. नावांची यादी सरकारच्या हाती द्यायला गामचे लोक धजावेनात, उद्या तीच यादी अटकेसाठी वापरली तर? मग पैसे कमांडरांमार्फत वाटले गेले, वाटेकरी वाढले आणि वाटा आक्रसला. मोजणीच्या वेळी भीती होती, ती आकड्यात उतरली.

डिसेंबर २००६ मध्ये आचेत निवडणूक झाली आणि गामचेच इरवांडी युसूफ गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्याच महिन्यात निरीक्षक घरी गेले.

आणि याच करारात दोन ओळी अशाही होत्या: आचेसाठी मानवाधिकार न्यायालय स्थापन होईल, युद्धातल्या अत्याचारांचं सत्य नोंदवणारा सत्य आणि समेट आयोग स्थापन होईल. त्यांच्यापुढे ना तारीख होती, ना टप्पे, ना जाब विचारणारं कुणी. निरीक्षक परतले त्याच डिसेंबरात, आयोग ज्या राष्ट्रीय कायद्यावर उभा राहायचा तो कायदाच इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयानं रद्द केला. आचेनं २०१३ मध्ये स्वतःचा नियम केला आणि आयोगाचे सदस्य नेमले गेले २०१६ मध्ये. करारावर सह्या होऊन तोवर अकरा वर्षं उलटली होती.