ओल्या अंगावरचं तेल

नमस्कार मंडळी.

मागच्या आठवड्यात तासगावकडची एक मुलगी भेटली. बाळ चार महिन्यांचं. म्हणाली, "मावशी, रात्री कूस बदलली की टाच गोधडीच्या धाग्यात अडकते." नडगीवर नखानं रेघ ओढली, तर पाटीवर उमटावी तशी पांढरी उमटली, इतकी त्वचा कोरडी. घरचे म्हणत होते, पाणी कमी पितेस. मी विचारलं, "अंघोळ कशी करतेस?"

बंबातलं कडकडीत पाणी, दोन बादल्या, वर डाळीचं पीठ खसाखसा चोळून. आधी तासभर तेल जिरवायचं आणि मग पीठ लावून तेच काढून टाकायचं! इतकी वर्षं बाळंतिणी बघितल्या, पण हा हिशेब मला काही कळला नाही.

त्यात शरीरही साथ देत नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक खूप वाढलेलं असतं. वार पडली की ते झपाट्यानं उतरतं, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईचं काही महिने कमीच राहतं. त्वचेची ओल टिकवायला तेच हातभार लावत असतं. वर दुपट्यांचा साबण, दिवसातून वीसदा हात धुणं आणि आपल्या जत-आटपाडीकडचं कोरडं वारं.

म्हणून पाणी कोमट, अंघोळ दहा मिनिटांत. साबण काखेत, जांघेत, पायांना. बाकी अंगाला रोज नको. स्तनाग्रांना तर साबण लावूच नका, तिथं निसर्गानं स्वतःचं तेल दिलंय. अंग टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत खोबरेल किंवा साधी व्हॅसलीन लावायची. महागडं सुवासिक क्रीम लागत नाही; वासामुळं उलट खाज सुटते. टाचांना रात्री व्हॅसलीन लावून सुती मोजे घाला. तेलकट तळव्यांनी फरशीवर चालू नका, कडेवर बाळ असतं.

पाण्याचं म्हणाल तर, "बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं, पोट सुटतं," हे सोडून द्या. दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध तयार होतं, ते येणार कुठून? तहान लागली की प्या. पण नुसत्या पाण्यानं टाच भरत नाही, हेही खरं.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. कोरडेपणासोबत सतत थंडी वाजते, बद्धकोष्ठ होतं, झोप झाली तरी अंग उचलत नाही, वजन वाढत चाललंय, असं असेल तर डॉक्टरांना टीएसएच, म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीसाठीची रक्ततपासणी, करायला सांगा. बाळंतपणानंतरच्या वर्षात शंभरात पाचेक जणींच्या थायरॉइडला सूज येते आणि घरात सगळे म्हणतात, "जागरणं आहेत, होणारच." नुसते केस गळत असतील तर घाबरू नका, तीन-चार महिन्यांनी ते बहुतेकींचे गळतात. भेगेतून रक्त किंवा पू आला, तर मात्र थेट दवाखाना.

त्या मुलीला मी एवढंच करायला लावलं: तेलाची बाटली कपाटातून काढून न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेव. बाहेर आलीस की बाळ रडणार, आणि तेल राहूनच जाणार.