मदत केली, पुढे काय झालं?

श्रोतेहो, नमस्कार. समाजसेवेच्या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना मी एक जुना प्रयोग आवर्जून सांगते. १९३९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून ५०६ मुलं निवडली. वय, स्वभाव, घरची परिस्थिती जुळणाऱ्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला मदत द्यायचं ठरवलं. कार्यकर्ते महिन्यातून साधारण दोनदा त्याच्या घरी जात, अभ्यास घेत, डॉक्टरकडे नेत, उन्हाळी शिबिराला पाठवत. सरासरी पाच वर्षं हे चाललं.

तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेनं त्या सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी ‘आम्हाला फायदा झाला’ असंच सांगितलं. नोंदी मात्र वेगळंच सांगत होत्या. पुन्हा पुन्हा गुन्हे, दारूचं व्यसन, अकाली मृत्यू यांचं प्रमाण मदत मिळालेल्यांतच जास्त होतं! पुढच्या विश्लेषणात असं दिसलं, की एकाहून अधिक वेळा शिबिराला गेलेल्यांचं नुकसान सर्वांत मोठं होतं. वाट चुकू पाहणारी मुलं एकत्र आली की एकमेकांचंच उचलतात, हे त्याचं एक संभाव्य कारण.

त्या कार्यकर्त्यांची तळमळ खरी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मदत न मिळालेला गट नसता, तर हे कधी उजेडातच आलं नसतं.

तपासून पाहिल्यानं नवी वाटही सापडते. रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णाला ‘आधी व्यसन सोड, उपचार घे, मग घर’ असं सांगायचा शिरस्ता होता. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस यांनी आधी घर दिलं. पुढच्या चाचण्यांत अशी माणसं घरात जास्त काळ टिकलेली दिसली. व्यसनात मात्र तेवढा फरक पडला नाही, हेही सांगायलाच हवं.

आता आपली गृहभेटीची नोंदवही उघडा. तारीख, सही, ‘समुपदेशन केले’. मूल शाळेत परतलं का, बाईंना होणारी मारहाण थांबली का, याला रकानाच नाही. तो आखून घ्या. त्यात काय विचारायचं, हे सेवा घेणाऱ्यांसोबत बसून ठरवा. सहा महिन्यांनी पुन्हा चौकशी करा. जागा कमी आणि यादी लांब असेल, तर चिठ्ठ्या टाकून क्रम लावा आणि थांबलेल्यांचीही नोंद ठेवा. जिवाला धोका असलेल्यांना मात्र चिठ्ठीत घालायचं नाही, त्यांना थेट आत घ्यायचं.