दहावीचं गणित, बर्डीवरचा टीव्ही

[दृश्य: नागपूर, सीताबर्डी मेन रोड, संध्याकाळ. दुकानाच्या काचेआड टीव्हींची रांग, प्रत्येकावर किमतीची पिवळी पट्टी.]

निवेदन:
२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. त्या दिवसापासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. एसी, मॉनिटर आणि डिशवॉशरवरचाही. बातमी दोन ओळींची; पण बर्डीवरच्या काउंटरवर तिचं लगेच गणित झालं. "भाऊ, दहा टक्के टॅक्स कमी झाला ना? मंग चाळीस हजाराचा टीव्ही छत्तीस हजाराले द्या."

तेवढ्याला तो येत नाही. आणि यात दुकानदाराची लबाडीही नाही.

चाळीस हजारांत जुना कर आधीच मुरलेला आहे. मूळ किंमत १०० धरली, तर २८ टक्के करासह ती १२८ होते. म्हणजे हातात आलेल्या किमतीचे १२८ भाग करायचे आणि त्यातले २८ भाग कर म्हणून बाजूला काढायचे. २८ छेद १२८ म्हणजे ७ छेद ३२. चाळीस हजार भागिले ३२, साडेबाराशे. गुणिले ७, कर ८,७५० रुपये. मूळ किंमत उरली ३१,२५०. आता तिच्यावर १८ टक्के लावा: ५,६२५ रुपये. नवी किंमत ३६,८७५. दुकानदाराने कराची सगळी कपात गिऱ्हाइकाला दिली, तरी बचत ३,१२५ रुपयांची. टक्क्यांत ७.८. दहा नव्हे.

[दृश्य: फळ्यावर १०० → १२८ → ११८. खडूचा हात दिसतो, चेहरा नाही.]

निवेदन:
हे गणित राज्य मंडळाच्या दहावीत आहे. गणित भाग १, अर्थनियोजन. मूळ किंमत दिली, दर दिला, कर काढा: वर्गात बहुतेकांना हे जमतं. करासहित किंमत देऊन मूळ किंमत विचारणारी उदाहरणंही पुस्तकात आहेत. पण सराव पडतो तो सरळ गणिताचा, आणि बाजार विचारतो उलटं. दुकानात मूळ किंमत कुठेच लिहिलेली नसते. पट्टीवर असते ती एकूण रक्कम.

उलट्या गणितात चूक होते ती एकाच जागी. ३६,८७५ चे १८ टक्के काढून वजा केले जातात. उत्तर येतं ३०,२३७ रुपये ५० पैसे. खरं उत्तर ३१,२५०, म्हणजे हजाराच्या वर फरक. कारण साधं आहे: १८ टक्के मूळ किमतीचे होते, ते एकूण किमतीचे धरले गेले.

मोबाइल यात मदत करतो का? करून बघू.

[दृश्य: मोबाइलचा कॅल्क्युलेटर, अगदी जवळून. बोट एकेक कळ दाबतं.]

निवेदन:
तीन सहा आठ सात पाच. वजा. एक आठ. टक्के. बरोबर. बहुतेक मोबाइलवर उत्तर तेच चुकीचं, ३०,२३७.५. आता हेच बऱ्याच सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर करा. तिथे येतं ३६,८७४.८२, कारण त्या यंत्राला १८ टक्के म्हणजे नुसते शून्य पूर्णांक अठरा शतांश. ते कशाचे, हे त्याला ठाऊक नाही. एकाच कळीची दोन उत्तरं आणि दोन्ही बिनकामाची. हवी ती क्रिया म्हणजे ३६,८७५ भागिले १.१८. कॅमेऱ्याने गणित सोडवणारी अ‍ॅपंही ही क्रिया चोख करून देतात, पायऱ्यांसकट. पण भागायचं की वजा करायचं, हे आधी माणसानेच ठरवायचं.

जीएसटीची वेगळी बटणं असलेले कॅल्क्युलेटर बऱ्याच काउंटरवर दिसतात. त्यांत दर साठवलेले असतात. कुणी बदलले नसतील, तर टीव्हीच्या बिलाला अजून २८ चं बटण दाबलं जाईल. बिल हातात आलं की सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) या दोन ओळी बघाव्यात. दोन्ही ९ टक्के हव्यात, दोन्ही रकमा सारख्या हव्यात. आपल्या टीव्हीवर प्रत्येकी २,८१२ रुपये ५० पैसे.

परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून १.१८ ने भागायचा कंटाळा येतो. त्याला तोड आहे. १८ छेद ११८ म्हणजे सव्वापंधरा टक्क्यांच्या जवळ. कर एकूण किमतीच्या पंधरा टक्क्यांहून किंचित जास्त, एवढा अंदाज आधी पानाच्या कडेला लिहून ठेवला, की ६,६३७ असं चुकीचं उत्तर आल्यावर लगेच डोळ्यांत खुपतं. आमचं मत विचाराल, तर या धड्याची सुरुवातच उलट्या गणिताने करावी. सरळ गणित मुलं नंतर आपोआप करतात.

जाता जाता: त्याच दिवशी कंपासपेटीवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. इथे किंमत सात टक्क्यांनी उतरली नाही, सव्वासहाने उतरली. का, ते ११२ आणि १०५ यांना विचारा.

[दृश्य: दोन टीव्ही शेजारी-शेजारी, ४३ आणि ५५ इंची. मोजपट्टी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे जाते.]

निवेदन:
टीव्हीचा आकार म्हणजे त्याचा कर्ण. खोक्यावर जरा नीट बघा: ३२ इंचीवर लिहिलेलं असतं ८० सेंटिमीटर. ३२ ला २.५४ ने गुणलं तर ८१.२८ यायला हवेत. म्हणजे दिसणारा पडदा साडेएकतीस इंचांचा आहे, आणि 'बत्तीस' हे त्या वर्गाचं नाव. ४३ इंचीवर तसेच १०८ सेंटिमीटर असतात, ५५ वर १३९ च्या आसपास.

भिंतीवर टीव्ही बसेल का, हे कर्णावरून कळत नाही. लांबी-रुंदीचं गुणोत्तर १६:९. १६ चा वर्ग २५६, ९ चा ८१, बेरीज ३३७, वर्गमूळ १८.३६. कर्ण १०८ असेल तर लांबी १०८ गुणिले १६ भागिले १८.३६, म्हणजे ९४ सेंटिमीटर. उंची ५३. कडेची पट्टी धरून प्रत्येक बाजूला एखादा सेंटिमीटर जास्त धरा. ५५ इंचीला हीच लांबी १२१ होते आणि उंची ६८. महालातल्या जुन्या घराच्या कोनाड्यात टीव्ही बसवायचा असेल, तर आकडेमोड घरूनच करून निघालेलं बरं.

यापुढचा भाग भूमितीच्या पहिल्याच धड्यातला आहे, समरूपता. दोन्ही पडदे समरूप. कर्णांचं गुणोत्तर १३९ ला १०८, म्हणजे मोठा पडदा कर्णाने २९ टक्के मोठा. क्षेत्रफळांचं गुणोत्तर मात्र बाजूंच्या वर्गांचं: १.६६. मोठा पडदा ६६ टक्के जास्त जागा दाखवतो. म्हणून किमतीला इंचांनी भागून "इंचाला किती पडला" असं म्हणणाऱ्याचा हिशोब मोठ्या टीव्हीवर अन्याय करतो. भागायचंच, तर कर्णाच्या वर्गाने भागा.

हाच नियम मोबाइलवर लावला की पाय घसरतो.

[दृश्य: जुना बुटका फोन आणि नवा उंच फोन. दोन्ही पडदे आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलने आखले जातात.]

निवेदन:
जुना फोन १६:९ चा, ६ इंची. नवा २०:९ चा, ६.४ इंची. आकडा मोठा, म्हणून पडदा मोठा? १६:९ पडद्याचं क्षेत्रफळ म्हणजे कर्णाचा वर्ग गुणिले १४४ छेद ३३७. सहाचा वर्ग ३६, उत्तर १५.४ चौरस इंच. २०:९ साठी १८० छेद ४८१. ६.४ चा वर्ग ४०.९६, उत्तर १५.३. नवा पडदा कणभर लहानच भरला. आयत उंच आणि अरुंद होत गेला, की तेवढ्याच कर्णात क्षेत्रफळ घटतं. हे दोन आयत समरूप नाहीत, म्हणून वर्गाचा नियम इथे लागू होत नाही. प्रमेयाच्या पहिल्या ओळीत "दोन समरूप त्रिकोणांच्या" असं जे लिहिलेलं असतं, आणि पाठ करताना जे हमखास गाळलं जातं, ते कशासाठी आहे हे दाखवायला वर्गात हे दोन फोन पुरतात. आलेखाचा कागद आणि पेन्सिल, एवढंच साहित्य. गोल कोपऱ्यांमुळे थोडी जागा जाते, ती सोडून द्या.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा, डिस्कची माहिती उघडलेली. ४७६ जीबी.]

निवेदन:
५१२ जीबीचा लॅपटॉप, विंडोज दाखवतं ४७६. चोरी नाही, घातांक आहे. कंपनी १ जीबी म्हणजे १० चा नववा घात धरते, विंडोज २ चा तिसावा. दुसरा आकडा पहिल्याच्या १.०७३७ पट. ५१२ ला त्याने भागा. एक टीबी म्हणजे कंपनीचे हजार जीबी; तिथेही तफावत तीच, आणि ९३१ जीबी दिसतात. इंटरनेटचा १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. आठ बिटांचा एक बाइट, विषय संपला.

पॉवर बँकेला मात्र थोडं थांबू. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टचा. ऊर्जा ३७ वॉट-तास. फोनची बॅटरी ५,००० एमएएच, ३.८५ व्होल्ट, म्हणजे सव्वाएकोणीस वॉट-तास. व्होल्टेज बदलताना ऊर्जेचा काही भाग उष्णतेत जातो. ८५ टक्के पोचते असं धरलं, तर साडेएकतीस. भागाकार १.६. दोनदा फोन भरेल ही अपेक्षा चुकते, कारण एमएएचला एमएएचने भागलं, व्होल्ट वेगळे असताना, आणि उष्णतेत गेलेला भाग धरलाच नाही. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' लिहिलेली असते, ती ५ व्होल्टला मोजलेली असते, म्हणून सहा हजारांच्या आगेमागे निघते.

[दृश्य: दुकानातला फलक, 'नो कॉस्ट ईएमआय'. त्याखाली हप्त्यांचं कोष्टक.]

निवेदन:
आता हप्ते. २४,००० चा फोन, सहा हप्ते, प्रत्येकी चार हजार. व्याज शून्य? रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते. होतं असं: बँकेचा दर वर्षाला १५ टक्के असेल, तर चार हजारांचे सहा हप्ते म्हणजे आजचे २२,९८४ रुपये. वरचे १,०१६ रुपये व्याज, आणि तेवढीच सूट विक्रेता आधी देतो. बेरीज जुळते. पण हप्ते क्रेडिट कार्डावर असतील, तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, १८३ रुपये. प्रोसेसिंग फी वेगळी, तिच्यावरही जीएसटी. आणि रोखीत मिळाली असती ती सूट गेली. सही करण्याआधी एवढंच विचारा: आज रोख दिले तर कितीला द्याल?

यापेक्षा महाग पडतो तो 'महिन्याला फक्त एक टक्का' वाला फ्लॅट दर. १२,००० रुपये, १२ महिने, १२ टक्के. व्याज १,४४०, हप्ता १,१२०. सातवीच्या सरळव्याजाच्या धड्याप्रमाणे सगळं बरोबर. मात्र त्या धड्यात मुद्दल वर्षभर तुमच्याकडे राहतं. इथे ते दर महिन्याला हजाराने कमी होतं, आणि व्याज अखेरपर्यंत पूर्ण बारा हजारांवरच. खरा दर काढायला दहावीची अंकगणिती श्रेढी घ्या. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे १२,०००, मग ११,०००, शेवटी १,०००. बेरीज ७८,०००. व्याजाला तिने भागा: १,४४० भागिले ७८,०००, महिन्याला १.८५ टक्के. वर्षाला २२. बँकेच्या हप्त्याच्या सूत्राने नेमकं काढलं, तर साडेएकवीसच्या आसपास. जाहिरातीतल्या बारापासून दोन्ही सारखेच लांब. ही बेरीज करायला सूत्र आठवलं नाही तरी चालतं: पहिलं आणि शेवटचं पद मिळून तेरा हजार, अशा सहा जोड्या.

[दृश्य: एसीवरचं ताऱ्यांचं लेबल, जवळून. मग दुपारची सदरमधली दुकानं, शटर अर्धे खाली.]

निवेदन:
एसीच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते १,६०० तासांचे आहेत, आणि बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान धरून. नागपूरच्या मे महिन्यात पारा त्रेचाळीस ओलांडतो, म्हणजे आपल्या सगळ्यात वाईट दुपारी त्या सारणीत नाहीतच. वर्षाच्या युनिटांचा तो आकडा दहावीच्या सांख्यिकीतल्या मध्यासारखाच निघतो: कुठल्या तापमानाला किती तास, ही वारंवारता, त्या तापमानाला किती वीज, हे मूल्य.

वर्गात हे असं मांडता येईल. समजा, एक एसी बाहेर ३० अंश असताना तासाला ०.४ युनिट घेतो, ३५ ला ०.७, ४० ला १, ४५ ला १.३. तास अनुक्रमे १००, २००, १५० आणि ५० असतील, तर एकूण ३९५ युनिट, सरासरी ०.७९. तेच पाचशे तास ५०, १५०, २००, १०० असे पडले, तर ४५५ युनिट. एसी तोच, खर्च १५ टक्के जास्त.

नोंदी मात्र सुटीत घ्याव्या लागतात. विदर्भात शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जून सरता-सरता उघडतात. तोवर हे तापमान निघून गेलेलं असतं. एसी चालू असतानाच्या दर तासाचं बाहेरचं तापमान लिहायचं, पाच-पाच अंशांचे वर्ग करायचे. ज्याच्या घरी एसी रात्री दहा ते सहा चालतो, त्याचे तास बरेचसे ३०-३५ च्या वर्गात पडतील. ज्याच्या वडिलांच्या दुकानात तो दुपारी बारा ते पाच चालतो, त्याचे ४०-४५ मध्ये.