कारण खरं असतं, पंचाईत तिथेच आहे

बसा बसा, मागच्यांना ऐकू येतंय ना? सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत येऊन ध्येय या विषयावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे, कारण इथले निम्मे लोक एमपीएससीवाले, नियोजनात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे, भिंतीवर टाइमटेबल, चार रंगांचे हायलायटर, सगळं जय्यत, फक्त अभ्यास सोमवारपासून सुरू होणार असतो.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण पटकन म्हणतो. पण पुष्कळदा अंगण खरंच वाकडं असतं हो. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळ गेली, रूममेट रात्री दोनपर्यंत फोनवर, त्यात मेसचं जेवण बाधलं, यातलं खोटं काय आहे? खोटी सबब सांगताना निदान आपल्याला आतून लाज तरी वाटते, खरीची वाटत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते. घरचेही म्हणतात, खरंय बाबा, तू तरी काय करणार.

आता महर्षी कर्व्यांचं बघा. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं, त्यापायी मुरुडला गावाचा बहिष्कार सोसला. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो 1900 मध्ये गावाबाहेर हिंगण्याला नेला, तिथे तेव्हा माळरान आणि एक झोपडी. नोकरी फर्ग्युसनमध्ये, गणित शिकवायची. कॉलेज झालं की हा माणूस पायी हिंगण्याला जायचा आणि पुन्हा पायी परत, पावसाळ्यात त्या वाटेची काय दशा होत असेल ते तुम्हीच ठरवा. आज त्याच हिंगण्याहून, म्हणजे आताच्या कर्वेनगरहून यायला आपण कॅब बघतो, भाडं वाढलेलं दिसलं की बेत रद्द! आणि महिला विद्यापीठ काढलं 1916 मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आता वय झालं ही सबब हातात आयती होती की. हे मी तुम्हाला खजील करायला सांगत नाहीये, तसली भाषणं मलाही आवडत नाहीत. मला एवढंच वाटतं की आज जायचं की नाही, हा प्रश्न ते रोज नव्याने काढत बसले नसतील.

आपण तो रोज काढतो, आणि तोही संध्याकाळी, दमल्यावर. मग उत्तर काय येणार?

पीटर गॉलविट्झर म्हणून एक जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी यावर बरंच काम केलंय. सार असं की 'अभ्यास करीन' एवढं नुसतं ठरवण्यापेक्षा कधी, कुठे, आणि अमुक झालं तर काय, हे आधीच ठरवून ठेवलं तर काम होण्याची शक्यता वाढते. म्हणजे ट्रॅफिकमुळे आठनंतर पोचलो तर पूर्ण धडा नाही, फक्त मागच्या पेपरातले दहा प्रश्न सोडवायचे, पण त्याच खुर्चीत बसून. सबब आली तरी तिच्यासाठी पाट मांडलेलाच असतो, ती येते, बसते, काम चालू राहतं. ध्येयही तसंच मोजता येईल असं हवं, 'इंग्रजी सुधारायचंय' याला काही अर्थ नाही, रोज रात्री जेवणानंतर अग्रलेखाचा एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, याला आहे.

आणि ते एकवीस दिवसांत सवय लागते वगैरे सोडून द्या. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर अभ्यास केला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 पुरतील तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. आपलं काय होतं, बुधवारी खाडा पडला की गुरुवार, शुक्रवार, शनिवार फुकट, कारण आता सोमवारपासून फ्रेश स्टार्ट, आणि सोमवारी नेमकी चतुर्थी नाहीतर मित्राचा बड्डे.

बरं, कागद वाटलेत ना सगळ्यांना? वरच्या बाजूला एकच काम लिहा, दोन नकोत, त्याची वेळ आणि जागा लिहा. खाली तुमची सगळ्यात खरी, सगळ्यात लाडकी सबब, आणि ती आली की काय करणार ते. नाव घालू नका, मी गोळा करणार नाहीये. चहा यायला दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात होईल.