आजानुबाहू आणि महाधमनी

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'महाधमनीचा फुगा: शरीराची ठेवण आणि स्वायत्त मज्जासंस्था'. संयोजक फोनवर म्हणाले होते, "डॉक्टर, जरा सोपं नाव नाही का?" म्हटलं, आहे, पण मग डॉक्टर मंडळी येणार नाहीत. आता बघतोय तर दोनच आलेत, आणि दोघंही माझेच विद्यार्थी. असो. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी शरीराची मुख्य रक्तवाहिनी; तिची भिंत कमजोर होऊन फुगते, तो हा फुगा.

ही बघा, शिंप्याची फीत. माझ्या बॅगेत ती स्टेथोस्कोपच्या शेजारी असते. सोनोग्राफी, एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सीटी सगळं नंतर, आधी ही. आपल्याकडे कुणाचे हात लांब असले की लगेच आजानुबाहू, महापुरुषाचं लक्षण! प्रभू रामचंद्रांबद्दल मी काही बोलत नाही, मला इथून सुखरूप घरी जायचंय. पण उंच, सडपातळ, लांब हातापायांचा तरुण समोर आला की त्याच्या थोरपणापेक्षा मला त्याच्या महाधमनीची काळजी वाटते.

१८९६ साली पॅरिसमध्ये मार्फान नावाच्या बालरोगतज्ज्ञानं पाच वर्षांच्या एका मुलीचं वर्णन केलं: हातपाय लांबच लांब, बोटं कोळ्याच्या पायांसारखी. त्यानं पाहिली हाडं. महाधमनीचा संबंध लक्षात यायला १९४३ साल उजाडलं, आणि दोष असलेलं जनुक हाती लागलं १९९१ मध्ये. त्या जनुकावरून फायब्रिलिन नावाचं प्रथिन तयार होतं. डोळ्यातलं भिंग टांगून ठेवणारे धागे, हाडांची वाढ, महाधमनीची भिंत, सगळीकडे तेच सूत. सूत कच्चं निघालं तर धोतरही विरतं आणि उपरणंही. म्हणून भिंग सरकतं, पाठीचा कणा वाकतो, छातीचं हाड आत जातं किंवा पुढे येतं, आणि महाधमनी हृदयातून निघते तिथेच फुगत जाते.

आता फ्लो हायमन. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू, उंची सहा फूट पाच इंच. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तिच्या संघाला रौप्यपदक मिळालं. तिचा स्मॅश बघायला लोक गर्दी करायचे. त्या लांब हातांचं किती कौतुक झालं असेल! पुढे ती जपानमध्ये खेळायला गेली. २४ जानेवारी १९८६, मात्सुए शहरात सामना चालू होता. बदली खेळाडू आत गेली, ही बाकावर येऊन बसली, आणि बसल्या जागी कोसळली. वय ३१. आधी सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅक. शवविच्छेदनात महाधमनी फाटलेली निघाली, कारण मार्फानच्या नावानं ओळखला जाणारा हाच आजार. मग भावाची तपासणी झाली. त्यालाही तेच होतं, पण त्याची शस्त्रक्रिया वेळेवर झाली. इतकी वर्षं ते हात जगासमोर होते हो. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, फीत कुणी लावली नाही.

फितीवरून आठवलं. मी एका मोठ्या रुग्णालयात होतो. नाव सांगत नाही, अजून पेन्शन चालू आहे. बाह्यरुग्ण विभागातल्या प्रत्येक टेबलावर एक फीत हवी म्हणून इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवलं. भांडार विभागाचं उत्तर आलं: सदर वस्तू वैद्यकीय उपकरणांच्या यादीत नाही. मी यादीत घालायला लावली. मग म्हणे तीन कोटेशनं आणा. दहा रुपयांच्या फितीला तीन कोटेशनं! शेवटी चौकातल्या शिंप्याकडून बारा फिती स्वतःच्या पैशानं आणल्या. महिन्याभरात नऊ गेल्या. त्यातली एक मला मेट्रनबाईंच्या शिवणाच्या डब्यात दिसली. मी गप्प बसलो.

मोजायचं काय? हात दोन्ही बाजूंना पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत. ती लांबी उंचीच्या १.०५ पटीपेक्षा जास्त भरली तर लक्ष द्यायचं. आता सगळ्यांनी अंगठा आत घेऊन मूठ वळा. अंगठ्याचं पूर्ण नख करंगळीच्या बाजूनं बाहेर डोकावतंय का? तिसऱ्या रांगेतल्या काकू, घाबरू नका. एका खुणेवर कुणी इच्छापत्र करत नाही. खुणा गोळा होतात तेव्हा एको करायचा.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' अजून अर्धा विषय बाकी आहे, पळतो.

पोटातल्या महाधमनीचा फुगा म्हणजे वेगळी मंडळी: साठीपुढचे, बहुतेक पुरुष, बहुतेक बिडी-सिगारेटवाले. तिथे फीत चालत नाही, सोनोग्राफी लागते. आइनस्टाइन याच फुग्यानं १९५५ साली गेले.

आता स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे न विचारता नाडी आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा. गंमत अशी, की रक्तदाबाचे पहारेकरी मानेतल्या धमनीत असतात आणि महाधमनीच्या कमानीतही. भिंत ताणली की कमानीतले पहारेकरी व्हेगस नसेमार्फत मेंदूला कळवतात, आणि मेंदू दाब उतरवतो. १८६६ मध्ये लायप्झिगला सिऑन आणि लुडविग यांनी सशात हा निरोप नेणारी नस दाखवली. पण भिंतच कडक झाली तर ती ताणली कमी जाते, निरोप क्षीण जातो, आणि लगाम सैल पडतो. म्हणजे ज्या भिंतीला दाबाचा धोका, तिच्यावरचाच पहारेकरी पेंगतो. म्हणून नाडी बघताना रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा. श्वास घेताना वेग वाढायला हवा, सोडताना उतरायला हवा. आडवा असताना आणि उभा राहिल्यावर तीन मिनिटांत दाब मोजा. वरचा आकडा २० नं पडला तर नोंद करा. अर्थात वय, मधुमेह, औषधं यांनीही हे होतं, त्यामुळे एवढ्यावरून फुगा ठरवू नका.

कमानीचा फुगा शेजारच्या नसाही दाबतो. डाव्या स्वरयंत्राची नस कमानीखालून वळसा घेते, ती दबली की आवाज बसतो. गुळण्या करून काय होणार? सिंपथेटिक साखळी, म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेचीच नसांची एक माळ, दबली तर त्या बाजूची पापणी झुकते, बाहुली बारीक होते, घाम थांबतो.

अध्यक्ष उठलेच. बीटा ब्लॉकरचं, म्हणजे नाडी आणि दाब उतरवणाऱ्या औषधांचं, राहिलं, ते प्रश्नोत्तरांत. फीत इथे टेबलावर ठेवतोय, चहाच्या वेळी या आणि मोजा. फक्त परत द्या, गेल्या व्याख्यानातली अजून आलेली नाही.