विंडो : वाऱ्याचा डोळा

श्रोतेहो, नमस्कार. ‘रेनकोट’ म्हटलं की दोन शब्द जोडलेत हे लगेच कळतं. ‘विंडो’ हाही जोडशब्दच. पण आठशे वर्षांच्या वापरानं त्याचा सांधा पार झिजून गेलाय.

मूळ शब्द ‘विंडाउगा’. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘विंडर’ म्हणजे वारा, ‘आउगा’ म्हणजे डोळा. नवव्या शतकात डेन लोक, म्हणजे डेन्मार्ककडचे व्हायकिंग, इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला येऊन राहिले. आधी लुटालूट, मग शेजार, सोयरिकी. त्यातून ‘एग’, ‘नाइफ’, ‘स्काय’ असे अगदी घरगुती शब्द इंग्रजीत मुरले. ‘विंडो’ त्यांच्याच सोबतीचा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या लिखाणात तो भेटतो. तेव्हा साध्या घराला काच कुठली असायला? भिंतीला नाहीतर छपराला एक भोक. उजेड त्यातूनच आत येणार, धूर त्यातूनच बाहेर जाणार, आणि वारा तर येणारच!

इंग्रजांचा स्वतःचाही एक शब्द होता. त्याचा अर्थ डोळ्याचं भोक. तो मेला, पण त्यातला भोक या अर्थाचा ‘थिरल’ वाचला. कुठे? ‘नॉस्ट्रिल’मध्ये. नाकाचं भोक, म्हणजे नाकपुडी! फ्रेंचांकडून आलेला ‘फेनेस्टर’ही सोळाव्या शतकापर्यंत तग धरून होता. ‘विंडो’नं त्यालाही मागे टाकलं.

मला या शब्दाचा लळा लागला तो मात्र पुढच्या गोष्टीमुळे. ‘विंडर’ आणि आपला ‘वात’ एकाच इंडो-युरोपीय धातूतून आले. ‘आउगा’ आणि ‘अक्षि’ यांचंही मूळ अभ्यासक एकच मानतात. म्हणजे ‘विंडो’चे दोन्ही तुकडे संस्कृतचे भाऊबंद. आणि संस्कृतात खिडकीला शब्द काय? एक ‘वातायन’, वाऱ्याची वाट. दुसरा ‘गवाक्ष’, बैलाचा डोळा. एकात वारा, दुसऱ्यात डोळा, आणि ही नावं कुणी कुणाकडून घेतलेली नाहीत.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावर घोड्याच्या नालाच्या आकाराची मोठी कमान आहे ना, तिलाही गवाक्ष म्हणतात. आतल्या स्तूपापर्यंत उजेड पोचतो तो तिच्यातूनच. कधी गेलात तर आतून मागे वळून जरूर बघा, डोळा का म्हटलं ते पटेल.

गोव्याच्या कोकणीत मात्र खिडकीला ‘जनेल’. तो पोर्तुगीज ‘जानेला’वरून आला, आणि त्याचं लॅटिन मूळ सांगतं, छोटं दार. तिथे ना वारा, ना डोळा. नमस्कार.